काचेवर ओढलेला थेंब

थेंब काचेवर पडला की हात रेंगाळता कामा नये. दुसरी काच तिरपी धरायची, हलकेच मागे आणून थेंबाला टेकवायची. रक्त तिच्या कडेने दोन्ही बाजूंना धावतं. ते कडेपर्यंत पोचायच्या आत एका दमात पुढे ओढायचं. हात थरथरला तर काचेवर लाटा उठतात, थेंब मोठा पडला तर थर जाड होतो आणि पेशी एकमेकींच्या अंगावर चढून बसतात. चांगली ओढलेली स्लाइड जिभेच्या आकाराची दिसते आणि तिचं टोक विरत विरत नाहीसं होतं. मला जे बघायचं असतं ते त्या विरळ टोकाच्या थोडं अलीकडे असतं. तिथे पेशी सुट्या सुट्या पसरलेल्या असतात.

मग स्लाइड वाळवायची आणि तिच्यावर लेशमनचा रंग ओतायचा. दोन मिनिटांनी दुप्पट बफरचं पाणी घालून तोंडाने हळूच फुंकर मारत दोन्ही मिसळायचे. रंगावर मोरपिसासारखी चकाकी धरते. आठ-दहा मिनिटांनी धुतली की काच गुलाबी निघते.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयाच्या लॅबमध्ये मी पस्तीस वर्षं हे काम केलं. गावातले लोक मला 'रक्तवाल्या मॅडम' म्हणायचे. निवृत्त झाल्यापासून शेजारपाजारचे रिपोर्ट घेऊन येतात. सीबीसीच्या, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजल्याच्या, कागदावर बोट ठेवून विचारतात, हा आकडा वर का, तो खाली का. मी सांगते. पण प्रत्येक वेळी मला वाटतं, यांना कागदाऐवजी काच दाखवता आली असती तर किती बरं झालं असतं.

काचेवर सगळ्यात जास्त दिसतात त्या तांबड्या पेशी. मधोमध खोलगट, कडेला जाड, एखाद्या चपट्या वाटीसारख्या. रुंदी मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजायची, साधारण सात-आठ भाग. सुईच्या टोकावर मावेल एवढ्या रक्तात, म्हणजे एका घन मिलिमीटरमध्ये, त्या चाळीस ते पन्नास लाख असतात. हाडांच्या आतल्या मगजात त्या जन्मतात आणि रक्तात उतरायच्या आधी स्वतःचं केंद्रक बाहेर टाकून देतात. प्राणवायू वाहणाऱ्या हिमोग्लोबिनला जागा करून द्यायची म्हणून. केंद्रक गेलं की पेशीला स्वतःची डागडुजी करता येत नाही, दुसरी पेशी निर्माण करता येत नाही. मग एकशे वीस दिवस ती नुसती ओझी वाहते. वाटेत तिच्याहूनही अरुंद केशवाहिन्या लागतात, तिथे ती घडी घालून सरकते आणि पलीकडे गेली की पुन्हा गोल होते. चार महिन्यांनी प्लीहेत तिचा शेवट होतो आणि तिच्यातलं लोह शरीर जपून काढून घेतं, नव्या पेशीसाठी. आपल्या अंगात दर सेकंदाला अशा वीस लाखांच्या वर पेशी तयार होतात. हे मी शेकडो विद्यार्थ्यांना सांगितलं असेल, तरी अजून सांगताना माझा आवाज बदलतो.

त्या पोराची गोष्ट सांगायची आहे.

लॅबमध्ये सेल काउंटर नवीन आला होता. नळीत रक्त घ्यायचं, मशीनपुढे धरायचं, मिनिटभरात कागद हातात. आधी हिमोग्लोबिन मोजायला साहलीच्या नळीत आम्लाचा थेंब थेंब घालत, रंग जुळतोय का ते उजेडाकडे धरून बघत बसावं लागायचं. ओपीडीच्या दिवशी ऐंशी-नव्वद नमुने. त्यामुळे मशीन आलं आणि माझं स्लाइड ओढणं मलेरियापुरतं उरलं. अकरा वर्षांचा एक मुलगा दोन वर्षांत तीनदा माझ्यासमोर बसला. हिमोग्लोबिन 7.1. मग 6.8. मग 7.4. तिन्ही वेळा मी आकडा लिहिला, तिन्ही वेळा त्याला लोहाची बाटली मिळाली. डोळे पिवळे दिसले म्हणून घरच्यांनी त्याची कावीळ एका वैदूकडे उतरवून आणली होती. वडील दुसऱ्याच्या धानाच्या बांध्यांत मजुरी करायचे. तिसऱ्या खेपेला ते माझ्यादेखत म्हणाले, "मॅडम, हा पोट्टा नाटकं करते. शाळेत जायचं आलं का याचे पाय दुखून रायते." पोरगा खाली बघत बसला होता. सुई टोचली तरी त्याने हात हलवला नाही. एवढ्याशा पोराने सुईला न घाबरणं मला तेव्हाच खटकायला हवं होतं. ज्याला त्याहून कितीतरी मोठं दुखणं माहीत आहे तोच सुईला असा बसतो.

चौथ्या वेळी ते आले तेव्हा सकाळपासून लाइट गेलेली. मशीन बंद. मी जुना आरशाचा मायक्रोस्कोप खिडकीशी ओढला आणि बऱ्याच दिवसांनी एका साध्या 'रक्त कमी'च्या पेशंटची स्लाइड ओढली. तेलाचा थेंब टाकून मोठी लेन्स खाली आणली, आणि गोल पेशींच्या मधे लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या, वाकलेल्या पेशी दिसल्या. एक, दोन, मग जिकडे काच सरकवावी तिकडे. काही पेशींच्या पोटात केंद्रक तसंच होतं. हाडांनी घाईघाईने, पुरत्या तयार न झालेल्या पेशी बाहेर पाठवल्याची ती खूण.

मी पोराला स्टुलावर बसवून बघायला लावलं. तो बराच वेळ डोळा लावून होता. मग म्हणाला, "हे तं इळ्यावानी हाये."

इळा म्हणजे विळा. आमच्या पूर्व विदर्भात धान इळ्यानेच कापतात. या आजाराला इंग्रजीत सिकलसेल म्हणतात, त्यातल्या 'सिकल'चा अर्थही तोच, पण हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. वडिलांनी डोळा लावला. त्यांना आधी स्वतःच्या पापण्याच दिसत होत्या, मग दिसलं. मी सांगितलं की ही पेशी प्राणवायू सोडून देते तेव्हा तिच्या आतलं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून त्याच्या ताठ काड्या होतात आणि पेशी अशी वाकते. वाकलेली पेशी अरुंद नळीतून घडी घालून जाऊ शकत नाही. ती अडकते, तिच्यामागे दुसऱ्या अडकतात आणि पलीकडच्या हाडाला रक्त पोचत नाही. तेव्हा हाड ठणकतं. थंडीत, तापात, पाणी कमी प्यायलं की जास्तच. अशी पेशी एकशे वीस दिवस कुठली जगायला, दहा-वीस दिवसांत फुटते. म्हणून रक्त कमी, म्हणून डोळे पिवळे. त्याच्या अंगातलं लोह कधी कमी नव्हतंच.

वडील काही बोलले नाहीत. अकरा वर्षांच्या त्या पोराला त्यांनी खांद्यावर घेतलं आणि एसटी स्टँडपर्यंत तसेच चालत गेले. मी खिडकीतून बघत होते.

ही पेशी पहिल्यांदा नोंदली गेली ती शिकागोत. ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला वॉल्टर क्लेमेंट नोएल नावाचा तरुण 1904च्या शेवटी तिथल्या रुग्णालयात दाखल झाला. त्याच्या रक्तात लांबट, विळ्यासारख्या विचित्र पेशी आहेत असं 1910 साली जेम्स हेरिक यांनी छापलं. पण स्लाइडवर त्या पेशी आधी पाहिल्या होत्या हेरिक यांच्या हाताखालच्या अर्नेस्ट आयर्न्स या इंटर्नने. मला या सगळ्या कथेत तोच जवळचा वाटतो. नोएल शिक्षण पूर्ण करून ग्रेनाडाला परतला, दवाखाना चालवला आणि 1916 साली वयाच्या 32व्या वर्षी न्यूमोनियाने गेला. पुढे 1949 मध्ये लायनस पॉलिंग यांनी दाखवलं की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे, आणि 1956-57च्या सुमारास व्हर्नन इन्ग्रॅम यांनी तो नेमका कुठे ते शोधलं. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत 146 अमिनो आम्लं ओळीने असतात. त्यातलं सहावं बदललेलं असतं. 146 मण्यांच्या माळेत एक मणी वेगळा ओवला गेला आणि त्यापायी एक पोरगा शाळेच्या बाकावर बसू शकत नव्हता.

भारतात सिकलसेल 1952 मध्ये निलगिरीच्या डोंगरांतल्या आदिवासींमध्ये पहिल्यांदा सापडला. आमच्याकडे गोंड, माडिया, परधान वस्त्यांत आणि बौद्ध समाजात तो बराच आहे, आणि त्यावरून लोक फार वाईट बोलतात. 'त्या लोकांचा आजार' हे शब्द मी शिकलेल्या माणसांच्या तोंडून ऐकले आहेत. त्यांना मी एकच सांगते, तुमच्या-माझ्या आजोबांना ज्या मलेरियाने लोळवलं त्या मलेरियाला शरीराने दिलेलं हे उत्तर आहे. आई-बापांपैकी एकाकडूनच हा दोष आला तर माणूस वाहक होतो, त्याला आजार होत नाही, उलट जीवघेण्या मलेरियापासून त्याचं बरंच रक्षण होतं. म्हणून जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथे हा गुणधर्म टिकून राहिला. आफ्रिकेत, अरबस्तानात, ग्रीसमध्ये आणि आमच्या जंगलात. एकाच काचेवर मी एका डोळ्याने मलेरियाचे जंतू शोधत होते आणि त्याच काचेवर कधी कधी हा विळा असायचा. दोघांची ओळख किती जुनी, हे मला फार उशिरा कळलं.

पोराची पक्की तपासणी झाली. एसएस. म्हणजे दोष दोघांकडूनही आलेला. आई आणि वडील दोघेही एएस, म्हणजे वाहक. आमच्याकडे लोक सरळ 'पॅटर्न' म्हणतात. "त्याचा एएस पॅटर्न हाये." पहिली चाळणी साधी असते. नळीतल्या द्रावणात रक्ताचा थेंब टाकायचा आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा स्पष्ट दिसल्या तर ठीक. द्रावण गढूळ होऊन रेघा बुडाल्या तर नमुना पुढे इलेक्ट्रोफोरेसिसला, तिथे विजेच्या प्रवाहात हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे होतात. शाळांत, आश्रमशाळांत जाऊन मी अशा हजारो नळ्या रेघांपुढे धरल्या. मग कार्ड मिळतं, रुग्णाला लाल, वाहकाला पिवळं.

या पिवळ्या कार्डावर मला थांबायचं आहे. एका आईने तिच्या मुलीचं पिवळं कार्ड पेटीच्या तळाशी, लुगड्यांच्या खाली लपवल्याचं मला आशाताईंनी सांगितलं. सोयरिकीची बोलणी चालू होती. मी घरी गेले. त्या माउलीला वाटत होतं की पिवळं म्हणजे अर्धा आजार आणि पुढे तो लाल होणार. मी सांगितलं, पिवळं कधी लाल होत नाही. तुमची मुलगी धडधाकट आहे आणि तशीच राहील. एवढंच की जावयाचीही नळी रेघांपुढे धरून बघा. दोघंही एएस असतील तर प्रत्येक बाळंतपणात एसएस मूल होण्याची शक्यता चारात एक. इथेही एक गैरसमज घट्ट बसलेला आहे. 'चारात एक' म्हटलं की लोक समजतात, एक झालं, आता पुढची तीन चांगली. तसं नसतं हो. प्रत्येक खेपेला चिठ्ठ्या नव्याने टाकल्या जातात. हे वाक्य मी हातात चार खडे घेऊन, पुन्हा पुन्हा मिसळून दाखवत सांगायला शिकले.

त्या पोराला फॉलिक अॅसिड आणि पुढे हायड्रॉक्सियुरिया सुरू झालं. बाळ पोटात असताना जे वेगळं हिमोग्लोबिन असतं ते हायड्रॉक्सियुरियाने पुन्हा वाढतं, आणि त्या हिमोग्लोबिनपुढे विळा तयार व्हायला अडखळतो. एसएस बाळं पहिले पाच-सहा महिने ठीक असतात तीही त्याच्याच जिवावर. ते ओसरलं की हातापायांची बोटं सुजतात. ठणके बंद झाले नाहीत, पण कमी झाले. आता तो तिशीकडे आलाय, गावात लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देतो. थंडी पडली की मी त्याला फोन करते, स्वेटर घाल, पाणी पी. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशात शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, 2047 पर्यंतचं उद्दिष्ट आहे, सात कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं. त्या दिवशी त्यानेच मला फोन केला होता. तपासणी होईल, कार्डं वाटली जातील. पण ठणका उठलेल्या पोराला रात्री दोन वाजता दवाखान्यात नेल्यावर तिथला माणूस त्याच्यावर विश्वास ठेवेल का, याची मला जास्त काळजी वाटते. बाहेरून काहीच दिसत नाही. सूज नाही, जखम नाही. नुसतं 'दुखतंय'.

बाकीच्या पेशींबद्दलही लोक विचारतात, विशेषतः पावसाळ्यात प्लेटलेटबद्दल. प्लेटलेट म्हणजे मगजातल्या एका अवाढव्य पेशीचे सुटलेले तुकडे, आठ-दहा दिवसांच्या, फुटलेल्या नळीला बूच मारणाऱ्या. दीड ते साडेचार लाख असायला हव्यात. डेंग्यूत त्या उतरतात आणि घरदार पपईच्या पानांमागे धावतं. खरं लक्ष द्यायचं ते पाणी प्यायलं जातंय का, लघवी होतेय का, पोट दुखतंय का, हिरड्यांतून रक्त येतंय का याकडे. एकदा मशीनने एका तरुणाच्या प्लेटलेट 22 हजार दाखवल्या. वडील नागपूरला प्लेटलेटच्या पिशव्या आणायला निघाले होते, गाडी सांगून झाली होती. पोरगा समोर बसून बिस्किट खात होता. मी स्लाइड ओढली तर टोकाशी प्लेटलेटचे गुच्छच्या गुच्छ. रक्त गोठू नये म्हणून नळीत घातलेल्या औषधामुळे काहींच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि मशीन एका गुच्छाला एकच मोजतं. दुसऱ्या प्रकारच्या नळीत रक्त घेतलं, दीड लाखाच्या वर निघाल्या. गाडी परत पाठवली.

पांढऱ्या पेशी एका घन मिलिमीटरमध्ये चार ते अकरा हजार. ताप आला की बऱ्याचदा वाढतात, त्यात घाबरण्यासारखं नसतं. पण एखाद्या संध्याकाळी एखाद्या मुलीच्या स्लाइडवर एकाच साच्यातल्या, मोठ्या केंद्रकाच्या, अर्ध्याकच्च्या पेशींची गर्दी दिसते. तेव्हा टेक्निशियनने काही बोलायचं नसतं, स्लाइड पॅथॉलॉजिस्टकडे जाते. बाहेर बाकावर तिची आई विचारते, "मॅडम, साधाच ताप हाये ना?" आपण कागदांकडे बघतो. लहान मुलांचा हा रक्ताचा कॅन्सर पूर्ण उपचार मिळाले तर बहुतेक वेळा बरा होतो, हे आज माहीत आहे, म्हणून त्या बाकावर मी आता उशीर न करता 'उद्याच मोठ्या दवाखान्यात जा' एवढं ठामपणे सांगू शकते.

आणि सगळ्यात जास्त पाहिल्या त्या लहान, फिक्या पेशी. मधला खोलगट भाग एवढा रुंद की पेशी बांगडीसारखी दिसावी. लोह नाही म्हणून हिमोग्लोबिन नाही आणि हिमोग्लोबिन नाही म्हणून पेशी पोकळ. साऱ्या शरीरात लोह असतं तीन-चार ग्रॅम, एखाद्या खिळ्याइतकं. बाईच्या अंगातून ते दर महिन्याला झिरपतं, प्रत्येक बाळंतपणात ओंजळीने जातं, आणि ताटात शेवटी जे उरतं त्यातून तिने ते भरून काढायचं. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायका रक्तक्षयाच्या निघाल्या. लाल गोळी मिळते, पण शी काळी होते, पोट दुखतं, मग ती गादीखाली जाते. जेवल्या जेवल्या चहा घेऊ नका, गोळी लिंबूपाण्यासोबत घ्या, एवढं कोणी बसून सांगितलं तरी पुष्कळ फरक पडतो.

अशी पहिली स्लाइड मी 1986 साली ओढली. नागपूरला डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा कोर्स, करत होते, दिवाळीला घरी आले ते सुई आणि काचा घेऊन. सराव करायला आईचं बोट मिळालं. आई तेव्हा चाळिशीच्या आत होती. चार बाळंतपणं झालेली. धुणं घेऊन नदीवरून येताना दोनदा बसायची. पहिल्या पावसात भिंतीचा ओला वास आला की कोणी बघत नाही असं पाहून पोपडा उचकटायची आणि तोंडात टाकायची. आजी म्हणायची, "हिले कामाचा कंटाळा. बसाले बहाणा पायजे." आम्ही मुलंही हसायचो. नागपूरला जाऊन मी ती स्लाइड रंगवली. आमच्या सरांनी बघितली आणि विचारलं, "कोणाची आहे? ही बाई चालते कशी?" मी घरी गोळ्या पाठवल्या. माती खावीशी वाटणं हे लोह संपल्याचं लक्षण असतं, हेही त्याच वर्षी पुस्तकात वाचलं. आईला मात्र मी काही सांगितलं नाही. गोळ्या घे, एवढंच. आजीलाही सांगितलं नाही. आणि काचेवर एवढं लख्ख दिसलेलं असताना, पुढे त्या पोराच्या बापाने 'नाटकं करते' म्हटलं तेव्हा मी आकडा लिहून पुढचा नंबर पुकारला.

गेल्या वर्षी कपाट आवरताना स्लाइडची लाकडी पेटी निघाली. आई पलंगावर बसून वाटाणे सोलत होती. सत्त्याहत्तर वर्षांची आहे, आता हिमोग्लोबिन बरं असतं. तिने विचारलं, हे काय आहे. मी एक काच खिडकीच्या उजेडाकडे धरली. गुलाबीचा रंग उडून मातकट झालेला, पण जिभेचा आकार तसाच. कोपऱ्यात पेन्सिलने लिहिलेलं, 'आई'.

"तुझं रक्त आहे," म्हटलं. "शहाऐंशी सालचं."

मग सगळं सांगितलं. पेशी कशा होत्या, बांगडीसारख्या, रिकाम्या. सर काय म्हणाले. भिंतीचा पोपडा कशाने खावासा वाटायचा. ती ऐकत होती, सोलायचं थांबली होती. बराच वेळाने म्हणाली,

"म्हंजे मी आळशी नोती ना व?"

"नव्हतीस, आई."

तिने हात पुढे केला. मी काच तिच्या हातात दिली. खिडकीकडे धरून तिने ती या बाजूने, त्या बाजूने बघितली. मला परत दिली नाही. पदराच्या टोकाने तिची कड पुसली आणि उशाशी ठेवून दिली.